समोरून राणी

लिफ्टमध्ये साळवीकाका भेटले की नमस्कार नंतर, आधी ते माणसाचं शतक सांगायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांना म्हणाले, "तुम्ही सतरावं. मखमलीचा डगला, हातात पत्र." मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "तू अठरावं. भांडी घासणारी." मी बँकेत ऑफिसर आहे. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मी मनात अढीच धरली होती.

आमची बिल्डिंग भाईंदर पश्चिमेला. काका मूळचे संगमेश्वरकडचे, एका सरकारी कचेरीच्या टपाल शाखेतून रिटायर झालेले, एकटे. रद्दीच्या दुकानात त्यांना जुन्या विलायती चित्रांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं आणि माणूस कामातून गेला. चित्र काढायला हात वळत नव्हता. मग त्यांनी वेगळाच उद्योग काढला. चित्रातल्यासारखे कपडे शिवायचे, गच्चीवर पाण्याच्या टाकीसमोर तसाच देखावा उभा करायचा, बिल्डिंगमधल्या कुणाला तरी त्यात बसवायचं आणि सेकंडहँड कॅमेऱ्याने फोटो काढायचा.

कपडे मात्र फक्त पुढून. "कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही," म्हणायचे, "उगाच कापड कशाला नासायचं?" वकिलांचा डगला जुन्या पडद्याचा होता. पुढून सरदारी थाट, मागे कपडे वाळत घालायचे चिमटे आणि बर्म्युडा. ते असे नटून बसलेले असतानाच त्यांच्या घरी पाहुणे टपकले. लिफ्ट नेमकी बंद होती. बिचारे भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे चालत चार मजले उतरले. फोटो काढताना काकांचं पालुपद ठरलेलं: "हलू नका, रंग ओला आहे." रंगाचा तिथे ठिपकाही नसायचा, पण माणसं खरंच श्वास रोखून बसत.

एका चित्रात मासा होता, म्हणून काका सकाळीच उत्तनला जाऊन हातभर लांब घोळ मासा घेऊन आले. प्रकाश मनासारखा मिळेपर्यंत दुपार झाली. चौथ्या मजल्यावरच्या शाहबेन नाकाला पदर लावून वर आल्या.

"काका, ये मच्छी कितने साल पुरानी है?"

"साडेतीनसौ," काका पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले.

"तभी," म्हणाल्या आणि तरातरा खाली जाऊन एक दुधी घेऊन आल्या. काकांनी दुधीला चंदेरी फॉइल गुंडाळली, मिऱ्याचा डोळा बसवला. माझ्या रत्नागिरीच्या आत्याने तो फोटो पाहून विचारलं, कालवण केलंत की तळलात?

इथवर मी हसत होते. पण मग काकांची नजर आईवर गेली.

मी कॉलेजात असताना आईच्या चेहऱ्यावर कोड उठलं. तेव्हापासून तिने एकही फोटो काढू दिला नाही. माझ्या लग्नात ती खांबाआड उभी होती, अल्बममध्ये तिच्या साडीचा काठ तेवढा सापडतो. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. सत्तरी उलटली, आणि माझ्याकडे आईचा कोडानंतरचा एक धड फोटो नव्हता. मला ते फार लागायचं. उद्या ती गेली तर मी काय बघायचं? पण विषय काढला की ती भरल्या ताटावरून उठायची.

त्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर वाळवण उचलत होतो. काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही सोळावं. महाराणी."

आईने गालावर पदर ओढला. "काहीतरीच तुमचं. या तोंडाने?"

काकांनी पुस्तक उघडून पुढ्यात धरलं. "हे बघा. या बायका राणी दिसायला तासन् तास तोंडाला पांढरं फासायच्या. तुमचं निम्मं काम देवानेच करून ठेवलंय."

या माणसाला टाकीत बुडवावं, असं मला वाटलं. वीस-बावीस वर्षं आम्ही घरात तो विषय जिभेवर येऊ दिला नव्हता. आई पुस्तकाकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. ठसका लागेपर्यंत हसली. "आणि उरलेलं निम्मं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"राहू द्या ते. नाहीतर ती पुस्तकातली बाई होईल. मला तुमचा फोटो काढायचाय."

पंधरा दिवस तयारी चालली. गळ्याभोवतीची झालर कागदी डिशांची, फुगीर बाह्या मच्छरदाणीच्या, मोत्यांच्या माळा साबुदाणा भिजवून ओवलेल्या. आई सिंहासनावर, म्हणजे शाहबेनच्या डायनिंगच्या खुर्चीवर, बसली. काकांनी हलू नका म्हटलं आणि कबुतरं आली. एक तर सरळ तिच्या खांद्यावर बसून मोती टिपू लागलं. मी धावले, तर काकांनी हात आडवा घातला. आई तसूभरही हलली नाही. पदर नाही, खांब नाही, डोळे सरळ कॅमेऱ्यात. मी टाकीमागे जाऊन रडून घेतलं.

नंतर ते कपडे काही ती उतरवेना. चिमट्यांसकट शाहबेनकडे गेली आणि तिथून वकिलांकडे. "समोरूनच बघा हं," प्रत्येक दारात सांगत होती.

पुढच्या वर्षी काकांचे गुडघे बोलू लागले. संगमेश्वरला धाकट्या भावाकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. सामानाचा टेम्पो गेटशी लागला, तेव्हा अख्खी बिल्डिंग त्यांच्याबरोबर फोटो काढायला खाली उतरली. सवयीने मी आईसाठी अगदी मागची, कोपऱ्यातली जागा धरून ठेवली होती. ती मला कोपराने ढोसत पुढे गेली आणि काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तू हो मागे," मान न वळवता मला म्हणाली. "उंच आहेस, आमच्यावर सावली पडते."

तो फोटो मी मोठा करून हॉलमध्ये लावलाय. त्यात माझा फक्त एक कान आलाय.