नातीला एकवीस, आजीला सत्तर

तुम्हा नातवंडांपैकी जो अमेरिकेत आहे, त्याने अठराव्या वाढदिवशी मला फोन करून सांगितलं, "आजी, आता मी दुकानात जाऊन रायफल विकत घेऊ शकतो." घेणार नाहीस ना, असं मी विचारलं. तो हसला. "नाही गं, फक्त सांगतोय. तुमच्याकडे कितव्या वर्षी मिळते?"

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. मी वही काढली आणि तुम्हा तिघांनाही विचारून एक पान भरलं. अमेरिकेत दुकानातून रायफल घ्यायला अठरा, पिस्तूल घ्यायला एकवीस, आणि काही राज्यांत त्याहून कडक नियम. जर्मनीवालीने कळवलं की तिथे अठरा, पण पहिल्याच बंदुकीसाठी अर्ज करणारा पंचविशीच्या आत असेल तर बहुतेकांना मानसिक तपासणीचा दाखला लागतो. कॅनडात अठरा. आपल्याकडे एकवीस. मात्र नेमबाजीच्या सरावासाठी बारा वर्षांच्या मुलालाही देखरेखीखाली बंदूक हातात घेता येते.

हे शेवटचं वाक्य मी कायद्याच्या पुस्तकातून उतरवलेलं नाही. ते मला तासगावच्या थोरल्या जाऊबाईंमुळे कळलं. त्यांची हकिकत तुम्हाला नीट कुणी सांगितलेली नाही, म्हणून लिहिते.

तुमचे थोरले आजोबा, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, फौजेतून निवृत्त होऊन आले आणि द्राक्षाच्या मळ्यात घर बांधून राहिले. आजूबाजूला वस्ती नाही, म्हणून त्यांनी परवाना काढून दुनळी बंदूक घेतली. नातीला त्यांनीच नेमबाजी लावली. ती दहा वर्षांची असताना बंदुकीला हात लावायची परवानगी नव्हती. आजोबा बंदूक साफ करायला बसले की ती समोर हात मागे बांधून उभी राहायची. "बंदूक कधीच रिकामी समजायची नाही," हे तिचं पाठांतर. बारा पूर्ण झाल्यावर ती सांगलीला सरावाला जाऊ लागली आणि राज्य स्पर्धेपर्यंत पोचली. बंदूक तिलाच द्यायची, हे आजोबांनी जेवताना सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं.

ते गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

बंदूक पोलिस ठाण्यात जमा झाली. तिथे कळलं की नात मैदानावर हजारदा गोळी झाडू दे, एकवीस पूर्ण झाल्याशिवाय तिच्या नावावर परवाना नाही. तिचे वडील, म्हणजे जाऊबाईंचा मुलगा, शिरवळच्या कारखान्यात नोकरीला. त्याला परवान्याची झंझट नको होती. बंदूक विक्रेत्याला देऊन टाकू, म्हणाला. पोरगी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "साताऱ्याच्या आजी, मळ्यातलं दुसरं काही नको मला. तेवढी राहिली पाहिजे."

जाऊबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ते ऐकलं. पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "लायसन मी काढती."

"आई, कुकरची शिट्टी झाली तरी दचकतेस तू!"

"शिट्टीला लायसन लागत न्हाई. बंदुकीला लागतंय. तू सही कर, तुझी हरकत न्हाई म्हणून. न्हाई केलीस तर शिरवळला उपाशी जा."

त्याने हसत हसत सही केली. त्याला वाटलं असावं, अर्जाच्या कागदांनीच आई थकेल. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. वय अडुसष्ट, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, शाळा चौथीपर्यंत. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. कागदांची यादी केली, फाइल केली, आणि डोळ्यांच्या दाखल्यापासून पोलिस चौकशीपर्यंत त्यांच्याबरोबर फिरले. एकदाही त्या "राहू दे गं धाकटे" म्हणाल्या नाहीत.

परवान्याआधी शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. सांगलीला मैदानावर सगळे पुरुष, आणि त्यांच्यात ही नऊवारीतली बाई. सरावाची बंदूक हातात घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि बंदुकीला नमस्कार केला. मागून कुणी तरी हसलं.

शिकवणारा म्हणाला, "आवं आजी, चपला घाला. हे काय देऊळ न्हवं."

"तुला नसंल. आमच्यात दर खंडेनवमीला बंदुकीची पूजा व्हती. चपला घालून कशी उचलायची?"

"आणि पायावर पडली म्हंजे?"

"तवा बघू."

"आजी, मग मला तुमच्या कागदावर सही करता यायची न्हाई."

त्यांनी त्याच्याकडे एक क्षण पाहिलं आणि चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी त्या नातीचे खेळाचे बूट घालून आल्या, नऊवारीखाली पांढरे बूट. तो शिक्षकच आता हसू आवरत होता. गोळी झाडली तेव्हा मैदानाच्या कडेला बसलेली मी दचकले, जाऊबाई नाही. घरी आल्यावर बंदुकीच्या धक्क्याने खांद्यावर पडलेला निळा डाग मला दाखवत म्हणाल्या, "त्यांचा बी असाच व्हायचा." एवढंच.

परवाना मिळाला आणि आम्ही बंदूक सोडवायला ठाण्यात गेलो. तिथे आणखी एक अडचण निघाली. कारकुनाने परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक ताडून पाहायला घेतला, तर बंदुकीवरचा वाचताच येईना. घोड्याजवळ जिथे आकडे कोरलेले असतात तिथे काळपट लाल थर बसला होता. जमा करतानाची नोंद जुन्या परवान्यावरून केली होती, तेव्हा थर कुणी पाहिला नव्हता.

"गंज हाय जणू," म्हणत त्याने खिशातून रुमाल काढला.

"थांबा," जाऊबाई म्हणाल्या. "गंज न्हाई त्यो. कुंकू हाय."

चाळीसेक वर्षं दर नवमीला त्या नेमक्या त्याच जागी हळदीकुंकवाचं बोट टेकवत आल्या होत्या. बाकी सगळं आजोबा तेल लावून पुसत. तेवढी जागा मात्र, देवीचं कुंकू पुसू नये म्हणून, ते सोडत.

कारकुनाने शिक्के साफ करायचा जुना ब्रश पुढे केला. जाऊबाईंनी तो घेतला, पण लगेच वापरला नाही. आधी पदराचं टोक बंदुकीखाली धरलं आणि मग अगदी हळू आकडे मोकळे केले. खपल्या पदरात पडत गेल्या. आकडे दिसू लागले तसे कारकुनाने ते मोठ्याने वाचले. क्रमांक जुळला. जाऊबाईंनी पदराच्या त्या टोकाला गाठ मारली आणि अंगठा उमटवायचा की सही करायची, असं विचारलं. सही येते, असंही वर सांगितलं.

पुढचं वर्षभर बंदूक त्यांच्या नावावर, कुलपात, किल्ली त्यांच्या कमरेला. नात घरी येई, कुलपाकडे पाही, पण कधी किल्ली मागितली नाही. गेल्या मार्चमध्ये तिला एकवीस पूर्ण झाली. आम्ही पेढे घेऊन बंदूक तिच्या नावावर करायला गेलो, तर कचेरीत कळलं की परवानाधारकाने हयातीत वारसाला बंदूक द्यायची तर देणाऱ्याला स्वतःला तरी सत्तर पूर्ण हवीत, नाही तर त्याचा परवाना पंचवीस वर्षं जुना हवा. आणि जाऊबाईंच्या आधारकार्डावर जन्मतारीख एक जून, त्यांच्या पिढीतल्या निम्म्या बायकांची असते तशी, म्हणजे कागदावर सत्तरीला अजून दोन-तीन महिने बाकी.

"मला सत्तर कवाच झाली!" त्या साहेबांना म्हणाल्या. "ही धाकटी साक्षीला हाय."

"कागदावर अजून नाहीत, आजी."

"म्हंजे कागदावर मी अजून पोरगी हाय!"

साहेबही हसले, पण अर्ज एक जूननंतरच घेतला. मग नातीची चौकशी, तिचे दाखले, तिची मुलाखत. हे सगळं होईपर्यंत यंदाचं नवरात्र आलं, आणि नवमीच्या चार दिवस आधी तिच्या नावाचा परवाना हाती पडला.

नवमीला मी तासगावलाच होते. पाटावर धुतलेलं वस्त्र घातलं. जाऊबाईंनी कमरेची किल्ली काढून नातीच्या हातात दिली. तिने कुलूप उघडलं, बंदूक बाहेर काढली, नळ्या खाली वाकवून उघडल्या, रिकाम्या असल्याची खात्री दोनदा केली, आणि मग पाटावर ठेवली. आजोबांनी शिकवलं होतं अगदी तसं. हळदीकुंकवाचं बोट घेऊन ती घोड्याजवळच्या आकड्यांकडे वाकली.

"तिथं नगं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी तिचं मनगट धरून हात मागे, दस्त्यावर नेला. "लाकडावर लाव. तुला नंबर वाचून दाखवायला लागंल कवा तरी."