तांब्याचा रुपया

हसणार नसाल तर सांगते. जाऊ द्या, हसलात तरी सांगते. ऐकायला माणूस मिळालंय हेच पुष्कळ!

लग्न होऊन मी नाचणगावहून सिंदी मेघेला आले. हे सकाळीच ऑफिसला जातात. सासूबाई मितभाषी. म्हणजे किती? “जेवली?” “हो.” झाला संवाद! पुढचा थेट संध्याकाळच्या चहाला.

मग दुपारभर मी आणि मोबाईल. एकदा त्यात बिघडलेल्या नाण्यांचा व्हिडिओ लागला. टांकसाळीत छाप सरकलेली, कड सुटलेली, वरचा मुलामा उडालेली नाणी. जितकं बिघडलेलं, तितकी त्याची चौकशी जास्त! मला फारच पटलं हे. घरातली सगळी चिल्लर मी भिंगाखाली घातली. एका नाण्यावर तर आकडा चक्क दुहेरी छापलेला! मागाहून कळलं, भिंगच तडकलेलं होतं.

आणि मग तो सापडला. देवघर पुसताना, देवीच्या मूर्तीमागे, एकटाच पडलेला रुपया. मळकट, पिवळसर. मोरीवर नेऊन भांड्याच्या साबणाने जरा चोळला मात्र, अक्षरांच्या खाचा लाल झाल्या! लाल म्हणजे काय? तांबं! स्टीलच्या रुपयाच्या पोटात तांबं! हात जागच्या जागी थांबला. दुर्मिळ नाणं धुवायचं नसतं, एवढं शिकले होते. पाणी न लावता पदराने टिपला.

संध्याकाळी ह्यांना दाखवला. “अहो, टांकसाळीची चूक हाय ही!”

“आमच्या ऑफिसात एक जण नाणी जमवते. बोलावू काय उद्या?”

बोलावू काय म्हणे! लग्नानंतर माझ्यासाठी म्हणून येणारा पहिला पाहुणा! मी ठेवणीतली साडी नेसले, तर्री-पोहे केले.

दुसऱ्या दिवशी ह्यांचे ते ऑफिसातले मित्र आले. भाऊजींनी पोह्यांवर लिंबू पिळलं आणि त्याच हाताने रुपया डोळ्यांजवळ धरला.

“वहिनी, तांबंच दिसून राह्यलं! असं नाणं मी नाई पाह्यलं.”

“मग तुम्हीच ठेवा, भाऊजी,” मी बोलून बसले. “फक्त पुढच्या वेळी वहिनींना घेऊन या. बसू, बोलू.”

तेवढ्यात त्यांच्या अंगठ्याखाली लाल रुपया पिवळाधमक झाला.

“अगं बाई! आत सोनं!” मी ओरडलेच.

“सोनं नाई, हळद हाय ते.” दारात सासूबाई उभ्या. “साबणानं लाल होते, लिंबानं पिवळी. माहेरी हळदीचे डाग कधी धुतले नाई काय वं?”

भाऊजी पोह्यांत तोंड घालून हसत होते. मी कसंबसं म्हटलं, “पण आई, रुपयाले हळद काऊन?”

“तुमच्या लग्नात शेल्याले न् शालूले गाठ मारली, तिच्यात हळद-सुपारीसंग बांधलेला रुपया हाय तो. जपून ठेवला होता मी.”

तेव्हापासून सासूबाई भरभरून बोलतात बरं का! माझ्याशी नाही, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीशी, या रुपयाबद्दल. मी चहाचा ट्रे धरून हसणं संपायची वाट बघते.

आणि हसू नये तरी का? अख्ख्या घरात माझी म्हणावी अशी एकच वस्तू होती, आणि ती मी पोह्यांसोबत पाहुण्याला वाढून टाकली!