नाव, गाव आणि सोबत कोण?

आमच्या वॉर्डातले किस्से कुणी लिहून ठेवत नाही. जेवायला डबे उघडले की आपोआप निघतात. मी यवतमाळच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. डोक्याला मार लागून आत रक्त साचलेले पेशंट आमच्याकडे येतात. कुणाचं ऑपरेशन होतं, कुणावर नुसती नजर ठेवतात. नजर ठेवायची म्हणजे मी तासातासाला तेच विचारायचं: नाव काय, गाव कोणतं, सोबत कोण आलं? उत्तर चुकलं की ऑपरेशन करणाऱ्या सरांना फोन.

* * *

लोहारा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रमोद शिडीवरून पडला होता. त्याचा भाऊ उशाशी बसून प्रत्येक उत्तर आधीच सांगून टाके. शेवटी मी वैतागले. म्हटलं, "मले तुमचं डोकं नाही तपासायचं, त्याचं तपासायचं आहे." बाहेर काढलं त्याला. मग सरांनी प्रमोदला बोटं दाखवून किती ते विचारलं, तर हा भाऊ पठ्ठ्या बाहेरून खिडकीतून तीन बोटं दाखवून राह्यला! प्रमोदचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यानं स्वतःच बरोबर सांगितलं आणि ऑपरेशन टळलं.

* * *

बंजारा तांड्यावरच्या एका आजोबांचं ऑपरेशन झालं. नागपूरहून आलेला नवा डॉक्टर घाबरून म्हणाला, पेशंट असंबद्ध बोलतोय, पुन्हा स्कॅन करू. आमच्या सफाईवाल्या मावशी तांड्यावरच्याच. त्या म्हणाल्या, "गोरबोलीत बोलून राह्यले ते. म्हणतात, एवढा शिकलेला पोरगा, तेच तेच काहून विचारते?" स्कॅन राहिला, चहा आला.

* * *

आणि बोरी अरबचे दादाराव. ओट्यावरून पडले, तेव्हा काहीच झालं नाही. मग हळूहळू पाय ओढायला लागले, विसरायला लागले. पोरं म्हणाली, वय झालं. बायको कमलाबाई एकट्याच अडून बसल्या, म्हणून महिन्यानं का होईना, स्कॅन झाला. कवटीला दोन भोकं पाडून सरांनी साचलेलं रक्त काढलं. तोवर कमलाबाई मला एकच विचारत होत्या, "सिस्टर, हे मले ओळखतील ना?"

सकाळी दादारावांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. सरांनी कमलाबाईंकडे बोट केलं. "यांचं नाव काय?"

दादारावांनी बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सरांनी पुन्हा विचारलं. दादाराव चादरीचं टोक गुंडाळत बसले. सरांचा चेहरा उतरला.

कमलाबाई मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या, डोळे वाहत होते.

"साहेब, माह्यं नाव यांनी जन्मात चारचौघांत घेतलं नाही. महिनाभर सुनांसमोर 'कमल, कमल' करून राह्यले होते. तवाच मी म्हटलं, यांचं डोकं बिघडलं. आता बरे झाले."