कॅम्पाचा कागद

आमच्या रांझीत रामकृष्णएवढा घट्ट तोंडाचा माणूस दुसरा नव्हता. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत त्याच्या बाजूच्या मशीनवर मी उभा होतो, म्हणून सांगतो. आत काय बनतं ते त्यानं घरात कधी काढलं नाही. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवली की नंदा वहिनी विचारायच्या, "काय चाललंय तिकडं?" हा म्हणायचा, "ठीक आहे." झालं. "यांच्यापेक्षा रेडिओ बरा, भाऊजी," असं त्या मलाच ऐकवायच्या.

नातू तनय सैनिकी शाळेत लागला अन् या माणसाला वाचा फुटली. पोरगा हुशार. बारावीत हाऊस कॅप्टन झाला, खांद्यावर लाल फीत आली. सुट्टीत आला की आबाजींच्या खाटेवर मांडी ठोकून शाळेचं सगळं सांगायचा, कोण परेडमध्ये पडलं, कोणते सर झोपेत बोलतात. रामकृष्ण खुळ्यागत हसत राहायचा. त्याला तेवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीत तनयनंच त्याला फेसबुक काढून दिलं. बजावलंही, "आबाजी, माझा वर्दीतला फोटो, शाळेचं काही, टाकायचं नाही. मनाई आहे आम्हाला."

"मला शिकवून राहिला का रे? चौतीस वर्षं गेटवर झडती देत होतो मी."

तिथंच घोळ होता. आमच्या डोक्यात गुपित म्हणजे गेटाच्या आतलं, शिक्का मारलेलं. फोन तर आम्ही गेटवरच जमा करायचो. घरी खाटेवर बसून हातातल्या फोनवरून काही बाहेर जातं, हे आम्हा म्हाताऱ्यांच्या टाळक्यात शिरलंच नाही.

जानेवारीत शाळेनं पालकांच्या फोनवर कॅम्पाचा कागद पाठवला. तारीख, गाव, बसची वेळ, मुलांची यादी, वर कॅप्टन म्हणून तनयचं नाव. तनयच्या बापानं, अनुपमनं, तो रामकृष्णला पाठवला. यानं तो तनयच्या वर्दीतल्या फोटोसकट फेसबुकवर चढवला. काहून, तर त्यावर शिक्का नव्हता. अन् मी शहाणा, खाली अंगठा देऊन लिहिलं, "वा रे शेर". त्यामुळे त्याला बोल लावायला मला तोंड नाही.

वर्दीतला फोटो लावलेला कोणी खाली लिहितो, "जय हिंद अंकलजी, मैं भी उसी स्कूल का हूँ." मग विचारतो, बस कोणत्या रस्त्यानं जाणार, मुक्काम कुठं, सोबत मोठी माणसं किती. रामकृष्णनं तनयच्या बापाला विचारून विचारून सगळी उत्तरं दिली. वर त्याला बेटा म्हणाला.

एका पालकानं ते पाहून शाळेला कळवलं. त्या नावाचा कोणी शाळेत कधी शिकलाच नव्हता. कॅम्प रद्द झाला. साठ पोरं वर्षभर ज्याची वाट पाहत होती, तो कॅम्प. कोणी टाकलं, असं विचारलं तेव्हा तनय पुढं झाला अन् म्हणाला, "मीच आबाजींना टाकायला सांगितलं." सगळ्या हाऊससमोर त्याची फीत काढली.

हे आम्हाला महिन्यानं कळलं, तेही अनुपमकडून. रामकृष्ण दोन दिवस जेवला नाही. मग शाळेला चिठ्ठी लिहिली, चूक माझी आहे, नातवानं तर मला मना केलं होतं. पाकिटावर पत्ता मी घातला. उत्तर आलं, चांगल्या शब्दांत. खरं सांगितल्याबद्दल आभार, पण फीत दुसऱ्या मुलाला दिली आहे, वर्षही संपत आलं आहे. मला फार वाईट वाटलं. थोडं आधी कळलं असतं, तर आम्ही दोघं स्वतः जाऊन उभे राहिलो असतो.

होळीला तनय आला. मी तिथंच बसलो होतो. पोरगा पाया पडला, त्यानं बॅग ठेवली, खाटेच्या टोकाशी बसला. रागावलेला नव्हता. आबाजींच्या गोळ्यांचं विचारलं, पाणी दिलं.

रामकृष्णनं फोन केव्हाच कपाटात टाकला होता. त्यानंच विचारलं, "काय रे, काय चाललंय शाळेत?"

"ठीक आहे, आबाजी."

रामकृष्ण पुढचं ऐकायला थांबला. वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आल्या, त्याही थांबल्या. पोरगा आणखी काही बोललाच नाही.