बुधवारचा कोंकोन

आमच्या बानी गावात भाताच्या पातेल्याच्या बुडाला जो खरपूस, तेलकट, कुरकुरीत थर धरतो, त्याला कोंकोन म्हणतात. त्याच्यासाठी सख्खी भावंडं एकमेकांच्या झिंज्या उपटतात. मीही उपटल्यात. पण शेजारच्या दोन्या एर्सिलियाच्या मुलाच्या, राडामेसच्या, वाटणीचा कोंकोन मी तेवीस वर्षं खाल्ला, आणि तोही न भांडता, कुंपणावरून, आयता. त्यामुळे ही गोष्ट मीच सांगणार. दुसरं कुणी सांगायला लागलं तर मी त्याला बोलू देणार नाही.

मी न्यूरिस. घरीच बायकांचे केस करते. थोरल्या बाईला आमच्याकडे दोन्या म्हणतात; माझ्या आणि दोन्याच्या परसांमध्ये एक गंजका पत्रा आहे, तेवढंच काय ते अंतर. तिनं कांदा चिरला की माझ्या डोळ्यांत पाणी, इतकं जवळ.

दोन्याचा नवरा मिठागरात होता. पोरं चार. सार्डिनच्या एका डब्यात ही बाई सहा माणसं जेवू घालायची. डबा ढोबळी मिरचीत, टोमॅटोत परतायचा, त्यातच तांदूळ शिजवायचे, मासा कुठे दिसायचा नाही पण वास मात्र गल्लीभर. राजम्यात लाल भोपळ्याची फोड विरघळवायची, म्हणजे रस्सा दाट आणि राजमा निम्मा. नारळाचं दूध भाताला गेलं की पिळून उरलेल्या चोथ्याच्या तांबड्या साखरेत वड्या थापायची. त्या वड्यांसाठी माझी मुलगी शाळेतून आधी तिच्याकडे जायची आणि मग घरी. संत्र्याची साल दोरीवर कपड्यांशेजारी वाळत असायची, दूधभाताला वास लावायला. मी म्हणायची, "दोन्या, तुमच्या घरी फेकायला काय उरतं हो?"

"तुझ्या चौकशा," ती म्हणायची.

पण चार पोरांत कोंकोनचा एकच थर. रोज मारामारी, सगळ्या घरांसारखीच. एकदा थोरलीनं राडामेसच्या कपाळावर झारा हाणला, रक्त आलं. त्या दिवशी दोन्यानं पाळ्या लावल्या. सोमवार थोरलीचा, मंगळवार मधल्याचा, बुधवार राडामेसचा, गुरुवार धाकटीचा. शुक्रवारी नवऱ्याचा. बुधवारी दुसऱ्या कुणी पातेल्याला बोट लावलं तर दोन्या चप्पल काढायची, मग ताप आलेला असो की वाढदिवस असो.

राडामेस विसाव्या वर्षी न्यूयॉर्कला गेला तो नेमका बुधवारीच. कुणाच्या तरी ओळखीनं, अर्धवट कागदांवर. गाडी दुपारी येणार होती, ती अकराला येऊन दारात उभी. भाताचं पाणी नुकतंच आटलं होतं. दोन्यानं वाफ कोंडायला पातेल्यावर प्लास्टिकची पिशवी पसरून झाकण दाबलं होतं, आच कमी केली होती. ती ड्रायव्हरला म्हणाली, "वीस मिनिटं थांब रे बाबा. बुडाला धरू दे." तो मेला हॉर्नवर हॉर्न.

राडामेस हसला. आईच्या गालाला गाल लावला आणि म्हणाला, "ठेव हं माझ्यासाठी. आल्यावर खातो."

बोलायची रीत झाली. पण दोन्यानं ते मनावर घेतलं.

त्यानंतर प्रत्येक बुधवारी ती कोळशाच्या शेगडीवर त्या जाड बुडाच्या पातेल्यात भात लावायची. कोंकोन एका पांढऱ्या ताटलीत काढायची, वर दुसरी ताटली पालथी. ताटली टेबलावर, त्याच्या जागी. बरोबर चार वाजता पत्र्यावरून हात यायचा. "घे गं न्यूरिस. आज काही तो आला नाही."

तेवीस वर्षं हेच वाक्य. पहिल्या वर्षी मला हसू यायचं. मग राग यायला लागला. एकदा मी बोललेच, "दोन्या, तो इकडे यायला निघाला की त्याला परत तिकडे आत घेणार नाहीत, कागद नाहीत त्याच्याकडे. तो बुधवारी चार वाजेपर्यंत कसा येईल?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कोंकोन तोंडात कोंबला.

रविवारी त्याचा फोन यायचा. "आई, आशीर्वाद दे." "देव तुझं भलं करो. जेवलास?" बस, एवढंच. मग नवरा वारला, पोरं पांगली. राडामेसनं तिकडून विजेवर चालणारं भाताचं भांडं पाठवलं, पांढरंशुभ्र, चकचकीत. भात मोकळा व्हायचा आणि बुड स्वच्छ. दोन्यानं एकदा लावला, आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बुडाला धरत नाही तो कसला भात?" तेव्हापासून त्यात कपड्यांचे चिमटे आहेत.

गेल्या वर्षी त्याचे कागद झाले. त्यानं दोन्याला फोनवर सांगितलं. तिला रडायला येत होतं पण तिनं रडण्याआधी काम सांगितलं. "ये तेव्हा बुधवार धरून ये."

आला रविवारी. सुटी आठच दिवसांची. तिकडे बायको, दोन मुलं, हॉटेलातलं काम. पोट सुटलेलं, केस विरळ, आणि बोलताना सारखा ओठांवर हात. मला तर चीडच आली. म्हटलं, आला मोठा परदेशातून, तोंड झाकून बोलतोय. दोन्या मात्र त्याच्या मागे मागे. न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी, त्रेचाळीस वर्षांच्या बाप्यासाठी!

मंगळवारी संध्याकाळी तो पत्र्याशी आला. "न्यूरिस, एक विचारू? आई सारखं बुधवार बुधवार काय करतेय? उद्या कुणाचा सण आहे का?"

माझ्या हातात केसांचे रोलर होते ते खाली पडले.

"तुला आठवत नाही?"

"काय?"

मी त्याला सगळं सांगितलं. पाळी, पिशवी, हॉर्न, 'ठेव हं माझ्यासाठी'. तेवीस वर्षांची ताटली. सांगता सांगता मी त्याला काय काय बोलले ते आता लिहीत नाही, पण गाढव त्यात सगळ्यात सौम्य होतं. तो ऐकत राहिला. मग ओठांवरचा हात खाली घेतला आणि वरचे दात जिभेनं पुढे ढकलून दाखवले. अख्खी पंगत नकली.

"एक दुखला की एक उपटून टाकायचा. तिकडे तेच स्वस्त पडतं," तो म्हणाला. "कोंकोन मला चावता येणार नाही गं. तिला सांगू नकोस."

आता माझ्या पोटात गोष्ट राहते का? पण त्या दिवशी राहिली. रात्रभर मी देवाला म्हणत होते, उद्या तो भात गिचका होऊ दे.

झाला नाही. दोन्यानं आयुष्यात केला नसेल इतका सुंदर कोंकोन केला. सोनेरी, अखंड, पातेल्याच्या आकाराचा. मला मुद्दाम बोलावलं होतं, इतकी वर्षं खाल्लास तर आज बघायला ये म्हणून. तिनं ताटली त्याच्यासमोर ठेवली, समोर बसली आणि हात मांडीवर घेतले.

त्यानं तुकडा मोडला. कट्टकन आवाज आला. तोंडात घातला. एकदा चावला आणि थांबला. गाल हलेना. डोळ्यांत पाणी आलं.

"गरम आहे," तो म्हणाला.

गरम कसला! निवून दहा मिनिटं झाली होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. दोन्यानं त्याच्या जबड्याकडे पाहिलं, ओठांकडे जाणाऱ्या हाताकडे पाहिलं.

"काढ," ती म्हणाली.

"काय काढू?"

"दात काढ. मला काय दाखवायला लाजतोस? तुझं बिनदातांचं तोंड पहिल्यांदा मीच पाहिलंय." आणि तिनं आपलेही काढले. वरचे आणि खालचे. टेबलावर, मिठाच्या वाटीशेजारी ठेवले.

मी तोंडात बोट घातलं. शेजारी राहून मला पत्ता नव्हता! "दोन्या, हे कधी?"

"बारा वर्षं झाली," ती बोबडं म्हणाली. "तुझे शाबूत आहेत म्हणून तुला देत होते. मला का तू फार आवडतेस?"

राडामेस आधी हसला, मग टेबलावर डोकं ठेवून रडला. ती उठली. राजम्याचं पातेलं गरम केलं, कोंकोनचे तुकडे एका खोल वाडग्यात मोडले, वर पळीभर उकळता रस्सा ओतला आणि झाकून ठेवला. "दात यायच्या आधी तुला असाच द्यायचे. तुला ते तर मुळीच आठवत नसणार."

"नाही आठवत," तो म्हणाला.

"नसू दे. मला आठवतं."

वीस मिनिटं आम्ही तिघं त्या झाकणाकडे बघत बसलो. या वेळी दारात कुणी हॉर्न वाजवला नाही. मग त्यानं सगळा वाडगा खाल्ला, चमच्यानं, हळूहळू, तळाशी राहिलेला रस्सा वाडगा वाकडा करून. तिनं एक घास घेतला नाही.

पुढच्या रविवारी तो निघाला. गाडी दारात होती. गालाला गाल लावून तो म्हणायला लागला, "आई, ठेव हं मा..."

दोन्यानं पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "ते म्हणू नकोस. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तू म्हटलंस की मला ठेवावं लागतं."

त्यानं तिचा हात हलकेच खाली घेतला. मग म्हणाला, "आशीर्वाद दे."

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली आणि तिनं गाडीचं दार स्वतःच्या हातानं लावलं.

त्यानंतरचा बुधवार आला. मी काही लाजत नाही, चार वाजता सवयीनं पत्र्याशी जाऊन उभी राहिले. हात आला नाही. सव्वाचार झाले. मी टाचा उंचावून पलीकडे पाहिलं.

दोन्या बुटक्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर वाडगा, वाडग्यात राजम्याचा रस्सा, त्यात मऊ झालेला कोंकोन. दात शेजारच्या स्टुलावर.

"दोन्या," मी म्हटलं, "आज माझी आठवण नाही का झाली?"

"तुझा कधी नव्हताच तो. त्याचा होता. त्यानं खाल्ला." तिनं चमचा भरला आणि फाटकाकडे बघत थोडा वेळ तसाच धरून ठेवला. "आज काही तो येणार नाही," ती म्हणाली, आणि चमचा तोंडात घातला.