कोऱ्या दाखल्यांवरची सही

“आधी घरात सांगावं, मग बाहेर,” असं तो एकदा बायकोला म्हणाला होता. घर म्हणजे कंपनी.

सव्वीस वर्षं तो बॉयलरचे व्हॉल्व्ह तपासत आला. काम सुरू झालं की हात ग्रीसने बरबटत, कागदावर बोटं उमटत. म्हणून दर सोमवारी, हात स्वच्छ असतानाच, तो आठवड्याच्या कोऱ्या दाखल्यांवर सह्या करून ठेवी. आकडे नंतर त्याच्या तपासणीच्या वहीवरून ऑफिसात भरले जात. सगळेच तपासनीस असं करत. त्याची सही तेवढी सगळ्यांत देखणी.

मग एका गिरणीत व्हॉल्व्ह फुटला. वाफेने दोन माणसं भाजून मेली. त्याने आपली वही उघडली. तो व्हॉल्व्ह त्याने नापास केला होता. दाखल्यावर मात्र पास.

तो मॅनेजरकडे गेला.

“पंधरा दिवस द्या, वर बोलतो. वही राहू दे माझ्या कपाटात.”

घरी बायकोने कपाळावर हात मारला. “अहो, चोराच्या हाती किल्ल्या दिल्यात!”

“वही कंपनीचीच होती.”

“हो, वही कंपनीची, कपाट कंपनीचं. अक्कल तेवढी घरची न्यायची होती.”

सोळाव्या दिवशी तो सरकारी तपास कचेरीत गेला. भरदुपारी तिथे ट्यूबलाइट जळत होती. त्या उजेडाला काही पाहायचं नव्हतं. अधिकारी बाई त्याच्या मुलीच्या वयाची. तिने सगळं ऐकून घेतलं.

“काका, कंपनी गेल्या आठवड्यातच येऊन गेली. स्वतःहून कबुली दिली तर कंपनीवर खटला नाही, असं नवं धोरण आहे.”

“म्हणजे सुटले सगळे?”

“कंपनी सुटली. आता सरकारचा भर माणसांवर. ज्याने केलं, त्यालाच धरायचं.”

त्याचा चेहरा उजळला. “मग झालं तर! मी तेच सांगायला आलोय.”

तिने दाखल्याची प्रत पुढे सरकवली. “त्यांनी एकच नाव दिलंय.”

त्याने ती सही पाहिली.

“आकडे माझे नाहीत, बाई. वहीत बघा.”

“त्यांनी दिलेल्या कागदांत वही नाहीये.” तिचा आवाज खाली आला. “तुम्ही खरं बोलताय, असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर फाईल चालत नाही. वकील बघा, काका. लवकर.”

तो उठला. खुर्ची नीट टेबलाशी सरकवली आणि बाहेर पडला.