अण्णांचे डोळे

कोल्हापूरहून आणलेला कॅमेरा उशाशी ठेवून उल्का आडवी होते, तेव्हा उन्हं उतरायला अजून अवकाश आहे. अंगणात आई वाळलेले कपडे काढते आहे. दोरीवरचे चिमटे एकेक करून तिच्या हातातल्या वाडग्यात पडतात, तो आवाज येतो. उल्काला झोप लागलेली नाही. डोळे मात्र मिटलेत.

कॅमेरा जुना, कुणीतरी वापरून विकलेला. अण्णांनी, तिच्या वडिलांनी, फोटो स्टुडिओ बंद केला तेव्हा आपला डिजिटल कॅमेरा विकून टाकला होता. त्याचं एक कार्ड तेवढं घरात राहिलं. अण्णा गेल्यावर ते सापडलं, पण तसली कार्डं आता कुठल्याच यंत्रात बसत नाहीत. म्हणून उल्काने तासगाव पाहिलं, सांगली पाहिली, आणि शेवटी कोल्हापुरातल्या एका दुकानातून त्याच जातीचा कॅमेरा घेतला. कार्डात अण्णा असतील, उघड्या डोळ्यांचे, एवढ्याच आशेवर. जेवणाआधी तिने ते घालून पाहिलं. बारशी, मुंजी, शाळेचे निरोप समारंभ. अण्णा एकाच फोटोत, आईने काढलेल्या. डोळे मिटलेले.

जन्मभर लोकांना ‘डोळे मिटू नका’ म्हणून सांगणारा हा माणूस स्वतःवर फ्लॅश पडला की हटकून डोळे मिटायचा. तेराव्याच्या आत भिंतीवर फोटो हवा म्हटल्यावर लॅबवाल्याने अशाच एका फोटोवर कॉम्प्युटरने उघडे डोळे बसवून दिले. कुणाचे, कोण जाणे. तेव्हापासून भिंतीवरचे अण्णा परक्या माणसासारखे पलीकडच्या घड्याळाकडे बघत असतात. आई रोज त्यांनाच हात जोडते. उल्काचं दुखणं याहून वाईट आहे. हल्ली अण्णांना आठवायला गेलं की तिला तेच डोळे आठवतात.

चिमटा पडतो. आणखी एक पडतो. पुढचा काचेवर पडतो.

काच दुकानातल्या काउंटरची आहे. पलीकडे अण्णा उभे आहेत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, मान खाली. तिचाच कॅमेरा हातात धरून भिंगावर फुंकर मारतायत.

“घासाघीस केलीस का?”

“नाही. त्याने सांगितले तेवढे दिले.”

“लायब्ररीच्या नोकरीत बसून बसून असं होतं माणसाचं. भिंगात बुरशी आहे बघ, कोपऱ्यात. कुणीतरी पावसाळाभर कपाटात कोंडलाय ह्याला.”

“असू दे. मला फोटो काढायचा नाही, अण्णा. बघायचाय.”

“मग बघितलास?”

“डोळे मिटलेत तुम्ही.”

“तुझ्या आईनं न सांगता काढला.”

“सांगून काढले तेव्हाही मिटलेतच.”

अण्णा हसतात. खांदे हलतात, मान काही वर होत नाही.

“वर बघा ना जरा.”

“थांब. बॅटरीचं झाकण सैल आहे.”

ते झाकण उघडतात, लावतात, पुन्हा उघडतात. उल्का काउंटरला वळसा घालून पलीकडे जाते, तर पलीकडे अंगण आहे. भिंतीला टेकून बायका बसल्यात. रडत कुणीच नाही. मधोमध लाकडी खुर्ची, खुर्चीत फेटा बांधलेला एक म्हातारा, पडू नये म्हणून कमरेशी पंच्याने बांधलेला. तो गेलेला आहे.

असल्या अंगणांत उल्का लहानपणी आलेली आहे, अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून. ज्याने जिवंतपणी कधी फोटो काढून घेतला नाही, त्याचा नेण्याआधी एक काढून ठेवायचा, अशी तेव्हा आसपासच्या गावांतली रीत होती. अण्णा फोटो काढायचे आणि मग स्टुडिओत बसून ब्रशने त्याचे डोळे उघडायचे. कितीतरी घरांच्या भिंतींवर अण्णांनी उघडलेले डोळे आहेत.

“डोळे कुणाचे बघून काढायचात?” ती विचारते. “यांना तर तुम्ही कधी पाहिलेलंही नसायचं.”

“भावाचे बघायचो. मुलगा असला तर मुलाचे. कुणीच नसलं तर आपले मनाचे.”

“कुणी काही म्हणालं नाही?”

“एक बाई आली होती परत. म्हणाली, फोटो झ्याक आलाय, पण हे माझ्याकडं बघत न्हाईत.”

“मग?”

“सवय होईल म्हणालो.”

बायकांपैकी कुणीतरी बांगड्या मागे सारते.

“झाली तिला सवय?”

“तुला झाली?”

ती खुर्चीकडे वळते. म्हातारा तिथे नाही. अण्णा बसलेत, आणि पंच्याची गाठ स्वतःच मारून घेतायत. डोळे मिटलेले.

“अण्णा, उठा तिथून.”

“बसू दे गं. पाय भरून आलेत.”

“डोळे उघडा.”

ते उघडतात. लॅबवाल्याचे डोळे. तिच्या खांद्यावरून मागे कुठेतरी लागलेले. उल्का मागे वळून बघते. मागे घड्याळ नाही, भिंतही नाही.

“हे तुमचे नाहीत.”

“नसू देत. तुझ्या आईला चालतात की.”

“मला नाही चालत.”

“मग काढ तू,” अण्णा म्हणतात, आणि तिच्या हातात बारीक ब्रश आहे.

स्टुडिओतल्या टेबलावरचा दिवा लागलेला. पलीकडे स्टुलावर अण्णा, कमरेला पंचा तसाच.

“मला चित्र येत नाही, अण्णा.”

“चित्र कुठं काढायचंय? बुबुळ काळं करायचं, आणि काळं करताना एक ठिपका सोडायचा. पांढरा. डोळा जिवंत होतो तो त्या सोडलेल्या जागेनं. उजेड जिकडून येतो, त्या बाजूला सोड.”

“तुमचा उजेड कुठून यायचा?”

उल्का आठवत राहते. स्टुडिओत अण्णा कायम दिव्यांच्या मागे असत, लग्नांत कॅमेऱ्याच्या मागे. उजेडात कधी होता हा माणूस? मग तिला मागच्या दारची पायरी दिसते. सकाळी शाळेच्या आधी अण्णा तिथे बसून ब्लेडने तिच्या पेन्सिलींना टोक काढायचे. शेजाऱ्यांच्या चुन्याच्या भिंतीवरून ऊन परतून त्यांच्या डाव्या गालावर यायचं. टोक झालं की पेन्सिल पुढे करून ते तिच्याकडे बघायचे. तिच्याकडेच.

तिचा हात पुढे होतो. ब्रशचे केस फाकलेत.

“ओठांनी टोक कर,” अण्णा म्हणतात. “सगळं काय मीच सांगू?”

रंगात बुडवलेला ब्रश ती ओठांत धरून फिरवते. डिंकाची कडू, आंबूस चव. डाव्या डोळ्याचं बुबुळ ती काळं करत जाते आणि त्यांच्या डावीकडे, ऊन यायचं तिथे, लांबट जागा सोडते. डोळा हलतो. तिच्यावर येऊन थांबतो.

“चालेल?” अण्णा विचारतात.

“थांबा, दुसरा राहिलाय. हलू नका.”

“हललो नाही मी,” ते म्हणतात, आणि दिवा विझतो.

“उल्के, चहा ठेवलाय.”

आई दारात उभी आहे. ऊन खिडकीतून गेलेलं. उल्का उठून बसते, तोंड कडू झालेलं.

“ओठाला काय लागलंय गं?”

आई जवळ येते. तिच्या पदराचा शेव आपोआप वर येतो. संध्याकाळी स्टुडिओतून घरी आलेल्या माणसाचा ओठ पुसायला तो वर्षानुवर्षं असाच वर यायचा. मध्येच हात थांबतो. आई नुसती बघत राहते, उल्काच्या खालच्या ओठावरच्या काळ्या रेघेकडे. मग पदर खाली सोडते आणि बाहेर जाते.

बाहेरच्या खोलीत स्टूल सरकल्याचा आवाज येतो. उल्का धावत जाते. आई स्टुलावर चढलेली आहे, दोन्ही हात चौकटीला.

“धर खालून. जड आहे.”

“आई, काय करतेस?”

“उतरवते. हे कोण भलतेच आहेत.”

“तू रोज हात जोडायचीस.”

“मला वाटायचं, तुला चालतोय,” आई म्हणते, आणि चौकट तिच्या हातात देते.